उंदराला आधी, माणसाला नंतर: गंभीर संसर्गात वनस्पतींचे अर्क यकृत वाचवतात का?

प्रयोग साधारण असा असतो. उंदरांचे तीन-चार गट करायचे. एका गटाला पाच-सात दिवस रोज एखाद्या वनस्पतीचा अर्क नळीनं थेट पोटात द्यायचा. कधी कुटकी, कधी भुईआवळी, कधी किराईत, कधी आपली हळद. दुसऱ्या गटाला नुसतं पाणी. शेवटच्या दिवशी सगळ्यांना जिवाणूंच्या आवरणातलं विष टोचायचं. काही तासांनी रक्त काढून एसजीपीटी आणि एसजीओटी (यकृतपेशींना इजा झाली की रक्तात वाढणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स) मोजायचं, यकृताचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. पाणी प्यायलेल्या उंदरांचं यकृत रक्ताळलेलं, पेशी मेलेल्या. अर्क प्यायलेल्यांचं बरंचसं शाबूत. मग निष्कर्ष छापून येतो की अमुक वनस्पतीचा अर्क गंभीर संसर्गात यकृताचं रक्षण करू शकतो. त्याची बातमी होते, बातमीचा फॉरवर्ड होतो, आणि पावसाळ्यात घरात कुणाला ताप भरला की कुणीतरी काढा उकळायला ठेवतं.

असे प्रयोग खोटे असतात असं मुळीच नाही. त्यातले बरेच नीट केलेले असतात आणि त्यांतून कळतंही बरंच. पण त्या पिंजऱ्यातला उंदीर आणि आयसीयूतला माणूस यांच्यात जे अंतर आहे ते बातमीत कधी येत नाही. सगळ्यात मोठं अंतर तर पहिल्याच परिच्छेदात आहे. उंदराला अर्क आधी मिळाला, विष नंतर. माणूस मात्र विष अंगात भिनल्यावरच दवाखान्यात येतो.

यकृतावर नेमकं काय बेततं

गंभीर संसर्गाला डॉक्टर सेप्सिस म्हणतात तेव्हा त्यांना फक्त रक्तात जंतू सापडले एवढं म्हणायचं नसतं. 2016 पासून रूढ असलेली व्याख्या अशी की संसर्गाला शरीरानं दिलेलं उत्तर इतकं बेताल होतं की शरीराचे स्वतःचेच अवयव निकामी व्हायला लागतात. न्यूमोनिया, फुटलेलं अपेंडिक्स, मूत्रमार्गाचा संसर्ग, बाळंतपणानंतरचा संसर्ग, डेंग्यू, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंमुळे होणारा ताप), सुरुवात कुठूनही होऊ शकते. 2017 या एका वर्षात जगात सुमारे 4 कोटी 89 लाख लोकांना सेप्सिस झाला आणि त्यातल्या 1 कोटी 10 लाख लोकांचा मृत्यू झाला, असा अंदाज 2020 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. म्हणजे त्या वर्षी जगात झालेल्या दर पाच मृत्यूंपैकी जवळपास एक.

या सगळ्यात यकृताची जागा विचित्र आहे. आतड्यांतून निघालेलं जवळजवळ सगळं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेतून आधी यकृतात येतं आणि मग हृदयाकडे जातं. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी साधारण तीन चतुर्थांश रक्त याच वाटेनं येतं. आतडी म्हणजे अब्जावधी जिवाणूंची वस्ती, त्यामुळे तिथून थोडेफार जिवाणू आणि त्यांची विषं रोजच निसटतात. यकृत हा त्या रस्त्यावरचा जकात नाका. तिथे कुप्फर पेशी नावाच्या पहारेकरी पेशी बसलेल्या असतात. शरीरातल्या अवयवांमध्ये ठाण मांडून बसणाऱ्या भक्षक पेशींपैकी 80 ते 90 टक्के एकट्या यकृतात आहेत. एरवी त्या आलेला माल गुपचूप गिळून टाकतात.

सेप्सिसमध्ये हाच बंदोबस्त अंगावर येतो. आतड्यांचं अस्तर गळकं होतं आणि विषाचा लोंढा वाढतो. ई. कोलायसारख्या जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात एलपीएस नावाचं मेद-शर्करेचं रसायन असतं. पहारेकरी पेशींवरचा टीएलआर-4 नावाचा संवेदक ते ओळखतो. ब्रूस ब्युटलर यांच्या चमूनं 1998 मध्ये हे दाखवून दिलं आणि 2011 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता तो याच कामासाठी. संवेदक चाळवला की पेशीच्या आत एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन केंद्रकात शिरतं आणि दाह पेटवणारी जनुकं एकामागून एक चालू करतं. टीएनएफ, इंटरल्युकिन-1, इंटरल्युकिन-6 अशी रसायनं बाहेर पडतात. त्यांना भुलून पांढऱ्या पेशी यकृतात गर्दी करतात आणि जंतूंवर जी विषारी ऑक्सिजन-संयुगं फेकायची ती आजूबाजूच्या निरोगी पेशींवरही पडतात.

यकृताचं नुकसान मात्र एकाच तऱ्हेनं होत नाही, आणि पुढच्या सगळ्या गोष्टीसाठी हे महत्त्वाचं आहे. रक्तदाब फार खाली गेला आणि यकृताला ऑक्सिजन मिळेनासा झाला तर पेशी धडाधड मरतात; अशा वेळी एसजीपीटी-एसजीओटी एका दिवसात हजारांत जातं. दुसरी तऱ्हा शांत आहे. यकृतपेशी जिवंत असतात, पण पित्त पेशीबाहेर ढकलणारे प्रथिनांचे पंप दाहामुळे बंद पडतात. पित्त आतच तुंबतं, बिलिरुबिन हे त्यातलं पिवळं रंगद्रव्य रक्तात चढतं, डोळे पिवळे होतात, आणि एसजीपीटी फारसं वाढलेलंच नसतं.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात दिसणारा लेप्टो या दुसऱ्या तऱ्हेशी बराच मिळताजुळता. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती. गंभीर लेप्टोमध्ये रुग्ण हळदीसारखा पिवळा दिसतो, बिलिरुबिन खूप वर गेलेलं असतं, पण एसजीपीटी त्या मानानं बेताचंच. नेहमीच्या व्हायरल काविळीपासून त्याला वेगळं ओळखण्याची डॉक्टरांची ही एक खूण आहे. लेप्टोत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा मूत्रपिंडांमुळे किंवा फुफ्फुसातल्या रक्तस्रावामुळे. रुग्ण वाचला की यकृत सहसा पूर्ववत होतं, मागे व्रण राहत नाही. त्यामुळे “कावीळ उतरली” ही चांगली बातमी असली तरी माणूस वाचण्याचं कारण तीच असेल असं नाही.

अर्कात असतं काय

आता वनस्पतींकडे. यकृतासाठी आपल्याकडे परंपरेनं वापरात असलेल्या वनस्पतींची रसायनं गेल्या पन्नास वर्षांत बऱ्यापैकी उलगडली आहेत.

कुटकी हिमालयात उंचावर वाढते. आरोग्यवर्धिनी वटीत बाकी सगळ्या घटकांच्या एकत्रित वजनाइतकी एकटी कुटकी असते. तिच्यातल्या पिक्रोसाइड गटाच्या रसायनांवर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं, म्हणजे सीडीआरआयनं, बरंच काम केलं आणि त्यांचं प्रमाणित मिश्रण ‘पिक्रोलिव्ह’ या नावानं पुढे आणलं. (जाता जाता: कुटकीची इतकी उपटणी झाली की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या, धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारासंबंधीच्या करारानुसार नियंत्रण आहे. बाजारात मिळणारी प्रत्येक कुटकी कुटकीच असेल याची खात्री म्हणूनच देता येत नाही.)

कोकण-गोव्यात तापाला देतात ते कडूजहर किराईत, म्हणजेच कालमेघ. त्यातलं अँड्रोग्राफोलाइड हे रसायन एनएफ-कप्पा-बीच्या एका घटकाला रासायनिक बंधानं जाऊन चिकटतं आणि त्याचं जनुकांवर बसणं अडवतं, हे 2004 मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे वर सांगितलेल्या साखळीतली नेमकी कडी. हळदीतलं कर्क्युमिन त्याच साखळीवर वेगवेगळ्या ठिकाणी बोट ठेवतं, शिवाय पेशीची स्वतःची अँटिऑक्सिडंट यंत्रणा जागी करतं. भूमध्य समुद्राकडच्या मिल्क थिसल या काटेरी झाडाच्या बियांतून मिळणारं सिलिमरिन तर यकृताचं औषध म्हणून जगभर खपतं.

म्हणजे यंत्रणा कागदावर चोख आहे. दाह कुठे पेटतो ते माहीत, तो विझवणारं रसायन कुठे चिकटतं तेही माहीत. मग अडतं कुठे?

अडतं कुठे

आधी दिलं की नंतर, हा पहिला मुद्दा. टीएनएफची लाट विष टोचल्यावर तासा-दोन तासांत चढते आणि ओसरतेसुद्धा. ती चढायच्या आधीच रक्तात अर्क असेल तर लाट अडवता येते. रुग्ण दवाखान्यात पोचतो तोवर ती बहुधा येऊन गेलेली असते. शिवाय संसर्ग काही एका सुईनं संपत नाही, जंतू वाढतच असतात. दाह पूर्ण दाबला तर त्यांच्याशी लढणार कोण? सेप्सिसच्या पुढच्या टप्प्यात तर प्रतिकारशक्ती थकलेली असते आणि अनेक रुग्ण रुग्णालयातच लागलेल्या दुसऱ्या संसर्गानं जातात. तेव्हा दाह कमी करणं म्हणजे नक्की भलंच करणं, असं उरत नाही.

दुसरा मुद्दा उंदराचा. माणसाला किलोमागे 2 ते 4 नॅनोग्रॅम एलपीएस दिलं तरी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येतं. स्वयंसेवकांवर असे अभ्यास अनेक झाले आहेत. उंदराला मारायला किलोमागे काही मिलिग्रॅम लागतं. एका मिलिग्रॅममध्ये दहा लाख नॅनोग्रॅम असतात, तेव्हा दोघांच्या सहनशक्तीतला फरक वाचकांनीच मोजावा. उंदीर एवढा निबर म्हणून संशोधक त्याला डी-गॅलॅक्टोसामीन नावाचं आणखी एक रसायन देतात. 1979 मध्ये सापडलेली ही युक्ती. हे रसायन यकृतपेशीतला युरिडीनचा साठा संपवतं, त्यामुळे पेशीला नवी आरएनए बनवता येत नाही आणि बचावाची प्रथिनंही. मग एरवीच्या हजारो पटींनी कमी विषातसुद्धा टीएनएफच्या हुकमावर यकृतपेशी सामूहिक आत्मघात करतात आणि उंदीर काही तासांत मरतो.

प्रयोगशाळेत हे फार सोयीचं आहे: निकाल लवकर आणि ठळक. पण माणसाच्या सेप्सिसमध्ये यकृत असं मरत नाही. तिथे ऑक्सिजनचा तुटवडा असतो, पित्ताचे बंद पडलेले पंप असतात. आणखी एक खोच आहे. अर्कातल्या एखाद्या घटकानं नुसत्या गॅलॅक्टोसामीनच्याच कामात खोडा घातला तरी यकृत वाचल्याचं दिसेल. तो गुण संसर्गाविरुद्धचा नसेलच. माणसाच्या सेप्सिसमध्ये गॅलॅक्टोसामीन असतं कुठे? यकृतरक्षणाची बातमी वाचताना प्रयोग याच पद्धतीचा आहे असं कळलं, तर माझा विश्वास लगेच निम्म्यावर येतो.

याहून बरी पद्धत म्हणजे उंदराच्या मोठ्या आतड्याचं सुरुवातीचं टोक बांधून त्याला सुईनं भोक पाडायचं, म्हणजे विष्ठा पोटात झिरपते आणि फुटलेल्या अपेंडिक्ससारखी अवस्था होते. पण इथेही उंदीर असतात दोन-तीन महिन्यांचे, धडधाकट, एकाच वंशाचे. आयसीयूत असतो साठीचा माणूस, मधुमेह असलेला, कदाचित यकृतावर आधीच चरबी साठलेली. आणि त्याला सलाइन, अँटिबायोटिक, रक्तदाब वाढवणारी औषधं चालू असतात; उंदराला बहुतेक वेळा यातलं काहीच मिळत नाही. 2017 मध्ये व्हिएन्नात जगभरचे सेप्सिस-संशोधक याच दुखण्यावर जमले आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी किमान निकष ठरवले. उपचार संसर्ग सुरू झाल्यावरच द्यावेत, हा त्यातला एक.

तिसरा मुद्दा पोटाचा. आजारी माणसाला तोंडानं किंवा नाकातल्या नळीनं अर्क दिला तरी तो रक्तात पोचेल कसा? रक्तदाब पडला की शरीर आतड्यांचा रक्तपुरवठा आधी तोडतं. आतड्यांची हालचाल मंदावते, पोट फुगतं. कर्क्युमिनची तर निरोगी माणसातही रड आहे: बहुतेक भाग शोषलाच जात नाही, जो जातो तो आतड्यात आणि यकृतात लगेच रूपांतरित होतो. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी 1998 मध्ये 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत 20 मिलिग्रॅम पिपरिन, म्हणजे मिरीतलं तिखट रसायन, दिलं. तेव्हा माणसात कर्क्युमिनची उपलब्धता 2000 टक्क्यांनी वाढली. हळदीच्या दुधात मिरी घालण्याला यामुळे शास्त्राचा शिक्का मिळाला खरा, पण पिपरिन हे साधतं ते औषधं बाहेर टाकणारी यकृताची आणि आतड्यांची विकरं अडवून. आयसीयूतल्या रुग्णाला दहा-पंधरा औषधं चालू असताना तीच विकरं अडवणं ही गंमत नाही.

यकृतच बिघडतं तेव्हा

“वनस्पतीच आहे, फायदा नाही झाला तर तोटा तरी काय होणार?” हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येतं. गुळवेलीची गोष्ट इथे सांगावीच लागते. कोविडच्या पहिल्या वर्षात प्रतिकारशक्तीसाठी म्हणून घरोघर गुळवेलीचा काढा सुरू झाला. 2021 मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं तिच्यावर जाहीर आक्षेप घेतला: वनस्पती नीट ओळखलेली नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. आक्षेप विचार करण्याजोगा होता. पण 2022 मध्ये देशातल्या 13 केंद्रांनी मिळून 43 रुग्णांची नोंद मांडली. काढा सुरू केल्यापासून त्रास सुरू होईपर्यंतचा मध्यक काळ 46 दिवस. अनेकांमध्ये चित्र ऑटोइम्यून हेपॅटायटिससारखं, म्हणजे प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटल्यासारखं होतं. प्रतिकारशक्ती ‘वाढवण्या’च्या हौसेत ही शक्यता कुणाच्या मनात आली नव्हती. अमेरिकेत हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेले रुग्णही नोंदले गेले आहेत, आणि त्यांच्यात एक विशिष्ट जनुकीय प्रकार जास्त आढळतो. भाजीतली चिमूटभर हळद आणि मिरीचा अर्क घातलेली कर्क्युमिनची गोळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग अँटिऑक्सिडंट तरी निरुपद्रवी म्हणावेत? सेप्सिसमध्ये शिरेतून मोठ्या मात्रेत क जीवनसत्त्व देण्याची काही वर्षं बरीच हवा होती. यंत्रणा इथेही कागदावर सुरेख होती. 2022 मध्ये ‘लोव्हिट’ नावाच्या चाचणीचा निकाल आला: मृत्यू किंवा अवयव निकामी राहणं हे क जीवनसत्त्व मिळालेल्यांपैकी 44.5 टक्क्यांत, तर प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला नुसता दिखाऊ डोस, मिळालेल्यांपैकी 38.5 टक्क्यांत. म्हणजे उपचारानं नुकसान झालं. टीएलआर-4 हा संवेदकच थेट बंद करणारं एरिटोरान हे औषध उंदरांमध्ये छान चाललं होतं. 1,961 रुग्णांवरच्या चाचणीत मृत्यू औषधाकडे 28.1 टक्के आणि प्लासिबोकडे 26.9 टक्के. सेप्सिसचं संशोधन अशा सुरेख कल्पनांच्या थडग्यांनी भरलेलं आहे. शुद्ध, मोजूनमापून दिलेल्या औषधांची ही गत, तर काढ्याला निराळा नियम लावण्याचं कारण मला दिसत नाही.

भुईआवळीच्या वाट्याला आलेला अनुभवही याच धाटणीचा. 1988 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मद्रासचा अभ्यास आला. हेपॅटायटिस बीच्या वाहकांना 30 दिवस भुईआवळीची पूड दिली. 37 पैकी 22 जणांच्या रक्तातून विषाणूचं पृष्ठप्रथिन नाहीसं झालं, प्लासिबोवरच्या 23 पैकी फक्त एकाच्या. खळबळ उडाली, आणि उडायलाच हवी होती. मग थायलंडमध्ये आणि इतरत्र तोच प्रयोग करून पाहिला गेला, आणि तो गुण काही पुन्हा दिसला नाही. सिलिमरिनचंही तसंच: हेपॅटायटिस सीच्या रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीपेक्षा मोठ्या मात्रेतही ते एसजीपीटी खाली आणू शकलं नाही.

सिलिमरिनला एक जागा मात्र खरोखर मिळाली आहे. ‘डेथ कॅप’ नावाची विषारी अळंबी खाल्लेल्या रुग्णांना युरोपात त्यातलंच सिलिबिनिन शिरेतून देतात. अळंबीचं विष ज्या दारानं यकृतपेशीत शिरतं ते दारच ते अडवतं, म्हणून जितक्या लवकर तितकं बरं. इथला पुरावाही मोठ्या चाचण्यांचा नाही, रुग्णांच्या नोंदींचा आहे. पण रसायन ठरलेलं, मात्रा ठरलेली, वाट शिरेची आणि काम एकच. वनस्पतीतून औषध निघतं तेव्हा ते बहुधा असं दिसतं.

चीनमधली लाल फुलं

इथवर वाचून माझा कल कळला असेल. म्हणूनच त्याच्या विरुद्ध जाणारा सगळ्यात भक्कम पुरावाही सांगायला हवा.

तियानजिनमधले डॉक्टर वांग जिन्दा यांनी 1970 च्या दशकात एक विचार मांडला: जंतू आणि जंतूंचं विष यांवर एकाच वेळी इलाज करायचा. अँटिबायोटिकनं जिवाणू फुटतात, पण फुटताना त्यांचं विष बाहेर सांडतं, हे त्यामागचं निरीक्षण. त्यातून ‘शुएबिजिंग’ नावाचं इंजेक्शन तयार झालं आणि 2004 मध्ये चीनमध्ये त्याला मान्यता मिळाली. त्यात पाच वनस्पतींचे अर्क आहेत. चार आपल्याला अनोळखी: लाल पिओनीचं मूळ, च्वानश्योंग, दानशेन आणि दांगग्वी. पाचवी अगदी ओळखीची. करडईची फुलं! सोलापूर-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत रब्बीला घेतात तीच करडई. आपण कोवळ्या पानांची भाजी करतो, बियांचं तेल काढतो आणि काट्यांना शिव्या घालतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बिनकाट्याचं वाण काढल्यावर फुलं खुडणं जरा सुसह्य झालं. चिनी वैद्यकात त्या पाकळ्यांना रक्ताभिसरणाचं औषध म्हणून जुना मान आहे.

2017 ते 2019 या काळात चीनमधल्या 45 रुग्णालयांत सेप्सिसच्या 1,817 रुग्णांवर या इंजेक्शनची चाचणी झाली. वय 18 ते 75. नेहमीचे सगळे उपचार दोन्ही गटांना चालूच. त्याशिवाय एका गटाला दर 12 तासांनी 100 मिलिलिटर शुएबिजिंग पाच दिवस, दुसऱ्याला प्लासिबो. 2023 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. 28 दिवसांत दगावलेले: शुएबिजिंग गटात 18.8 टक्के, प्लासिबो गटात 26.1 टक्के.

सेप्सिसच्या चाचण्यांत एवढा फरक क्वचितच दिसतो. आणि ही चाचणी वरच्या सगळ्या आक्षेपांतून निसटते: औषध संसर्ग झाल्यावर दिलं, माणसांना दिलं, शिरेतून दिलं, आणि एसजीपीटी नव्हे तर जिवंत राहिलेली माणसं मोजली. तरी मी लगेच टाळ्या वाजवणार नाही. सगळी केंद्रं एकाच देशातली, जिथे हे औषध वर्षानुवर्षं वापरात आहे. पाच वनस्पतींच्या मिश्रणात रसायनं पुष्कळ. त्यातलं कुठलं काम करतं हे स्पष्ट नाही आणि नसेल तर एका खेपेचा माल दुसऱ्या खेपेसारखाच आहे हे तपासायचं कशावरून? सेप्सिसमध्ये मोठा फायदा दाखवणाऱ्या औषधाचा जुना अनुभवही कडू आहे. सक्रिय प्रोटीन सी या रक्तातल्या प्रथिनापासूनचं झायग्रिस हे औषध एका चांगल्या चाचणीच्या जोरावर 2001 मध्ये बाजारात आलं आणि दुसरी चाचणी फसल्यावर 2011 मध्ये कंपनीनं ते परत घेतलं. तेव्हा शुएबिजिंगची दुसऱ्या देशात, दुसऱ्या हातांनी पुन्हा परीक्षा व्हायला हवी. झाली आणि ते उत्तीर्ण झालं, तर मला माझं मत बदलायला आनंदच होईल. तोवर करडईच्या पाकळ्यांचा चहा म्हणजे शुएबिजिंग असं कुणी विकायला आलं तर त्याला दारातूनच परत पाठवावं. शिरेत जाणारं, निर्जंतुक, ठरावीक मात्रेचं मिश्रण आणि पाकळ्यांचं गरम पाणी यांचा संबंध फक्त झाडापुरता.

घरात कुणी आजारी असेल तर

गंभीर संसर्गात यकृत वाचवण्याचा आज ठाऊक असलेला मार्ग यकृतातून जातच नाही. जंतू मारायचे, पू असेल तर काढायचा, रक्तदाब सावरायचा. सेप्सिसमुळे रुग्ण शॉकमध्ये, म्हणजे रक्तदाब धोकादायक रीतीनं पडलेल्या अवस्थेत असेल तर अँटिबायोटिक शक्यतो एका तासाच्या आत द्यावं, असं 2021 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. लेप्टोसारख्या आजारात वेळेवर दिलेलं साधं डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिन कुठल्याही यकृतरक्षकापेक्षा यकृताचं जास्त भलं करतं.

काविळीचं गावठी औषध लागू पडल्याच्या गोष्टी घरोघर असतात. त्या बहुतेक हेपॅटायटिस ए किंवा ईसारख्या व्हायरल काविळीच्या असतात, आणि ती बहुतांश लोकांत काही आठवड्यांत आपली आपण बरी होते; माळ घाला, काढा द्या किंवा काहीच करू नका. सेप्सिसमधली कावीळ तशी वाट बघत नाही. ताप असताना डोळे पिवळे दिसले आणि सोबत असंबद्ध बोलणं, धाप, लघवी कमी होणं किंवा हातपाय गार पडणं यातलं काहीही असलं, तर तासही मोलाचे असतात. नाकात देवडांगरीचे थेंब घालून पिवळं पाणी काढण्यात ते घालवू नयेत.

रुग्णालयात गेल्यावर आधीच्या पंधरा-वीस दिवसांत घेतलेलं सगळं डॉक्टरांना सांगा: काढा, वटी, चूर्ण, हळदीच्या कॅप्सूल, आणि तापासाठी एकूण किती पॅरासिटामोल झालं तेही. लोक हे लपवतात, कारण डॉक्टर रागावतील असं वाटतं. कुणी रागावेलही. पण वाढलेलं एसजीपीटी संसर्गामुळे आहे की काढ्यामुळे, हे त्यांना दुसऱ्या कुठल्या तपासणीतून सहजासहजी कळत नाही, आणि दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. पाकीट किंवा बाटली घरी असेल तर सोबत न्या. वर छापलेल्या घटकांच्या यादीचा आणि बॅच नंबरचा उपयोग होतो.